लहान मुलांना घेऊन नेदरलँड्सला जायचंय? पुण्यातून निघणाऱ्यांसाठी सविस्तर

ओळखीत कोणी ना कोणी विचारतंच की मुलं लहान आहेत, युरोप आत्ता करावा की अजून चार वर्षं थांबावं, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, थांबू नका पण अख्खा युरोप करायलाही जाऊ नका, एकच देश करा. दहा दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या टूरमध्ये रोज सकाळी सहाला बॅगा भरा, पोराला झोपेतून उठवा, बसमध्ये कोंबा, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला काय मजा येणार सांगा. त्याला टॉवर आणि चर्चशी काही घेणंदेणं नसतं, त्याला पाणी पाहिजे, बदकं पाहिजेत, घसरगुंडी पाहिजे आणि रात्री कालचाच पलंग पाहिजे. नेदरलँड्समध्ये हे सगळं होतं. देश सपाट आहे त्यामुळे स्ट्रोलर कुठेही ढकलत नेता येतो, ॲमस्टरडॅम ते हेग जेमतेम ६० किलोमीटर, ट्रेन सारख्या असतात, त्यामुळे एका गावात मुक्काम टाकायचा आणि रोज एक ठिकाण बघून संध्याकाळी परत यायचं, बस्स.

आधी महिना ठरवा, कारण सगळ्यांच्या डोक्यात ट्युलिप असतात आणि तिथेच आपल्या शाळांचं वेळापत्रक आडवं येतं. लिसे गावातली क्युकेनहॉफ बाग वर्षातून फक्त आठ आठवडे उघडी असते, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि फुलं ऐन बहरात असतात ती बहुतेक एप्रिलच्या मध्याला. ७० लाखांच्या आसपास कंद लावतात तिथे दर वर्षी. शेतातली फुलं तर शेतकरी बहर आला की खुडूनच टाकतात, कंद पोसावा म्हणून, त्यामुळे मेच्या अखेरीला गेलात तर ट्युलिप दिसणार नाहीत हे मनाशी पक्कं करूनच तिकीट काढा. मूल अजून बालवाडीत असेल तर सरळ एप्रिलमध्ये जाऊन या, शाळा बुडाली असं काही होत नाही. मोठं भावंड शाळेत असेल तर मग माझं मत मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा, कारण तिथल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलैमध्ये लागते, गर्दी कमी असते, आणि रात्री दहाला सूर्य मावळतो. (ह्या उजेडामुळे मुलं झोपत नाहीत, खोलीला जाड पडदे आहेत का ते बुकिंगच्या आधी विचारून घ्या.) दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बरेच असतात पण मी लहान मुलांबरोबर नाही सुचवणार, ऑक्टोबरच्या शेवटी तिथली घड्याळं तासभर मागे करतात, नोव्हेंबरमध्ये पाच वाजता अंधार, वर पाऊस आणि वारा.

२७ एप्रिलला तिथे राजाचा वाढदिवस असतो, सगळा देश केशरी कपड्यात रस्त्यावर येतो. ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी त्या दिवशी स्ट्रोलर घेऊन जाऊच नका, पण वोंडेलपार्क मात्र त्या दिवशी मुलांचं असतं, चादर पसरून मुलं आपली जुनी खेळणी विकतात, आपल्या पोरांना एक-दोन युरो देऊन खरेदी करू द्या, फार खूश होतात.

व्हिसा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो) लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, नियमाप्रमाणे किमान १५ दिवस आधी पण तेवढं उशिरा कोणी करू नका, उन्हाळ्यात व्हीएफएसची (व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खाली शून्य, सर्व्हिस चार्ज वेगळा. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, प्रत्येकाचा, बाळाचासुद्धा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो कधी संपला ते आपल्या लक्षातच राहत नाही, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू पाहिजे, म्हणून सगळ्यात आधी कपाटातून पासपोर्ट काढून तारीख बघा. मुलाचा जन्मदाखला जोडायचा, अर्जावर आई-बाबा दोघांच्याही सह्या, आणि एकटी आई किंवा एकटे बाबा मुलाला घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र. शाळेचं बोनाफाइड जोडलेलं चांगलं.

फ्लाइट मुंबईहून थेट आहे, नऊ-साडेनऊ तासांची. गल्फमार्गे स्वस्त पडतं हे खरं, पण मध्यरात्री झोपलेलं मूल खांद्यावर टाकून दुसऱ्या विमानाकडे पळायचं असेल तर वाचलेले पैसे नकोसे होतात, बजेटमध्ये बसत असेल तर थेटच घ्या. पुण्याहून निघताना घाटातल्या ट्रॅफिकचा हिशोब धरून सात-आठ तास आधी घर सोडा. तिथे उन्हाळ्यात वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे तीन-चारला टक्क जागी होणार. ह्याला काही उपाय नाही, रात्रीच दूध, ब्रेड, केळी आणून ठेवा आणि उजाडलं की जवळच्या बागेत घेऊन जा. संध्याकाळी मात्र काहीही ठेवू नका, सहाला मुलं पेंगतात.

मुक्काम कुठे करायचा ह्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळी ट्रिप ह्यावर ठरते. ॲमस्टरडॅम सुंदरच आहे पण हॉटेलं महाग, त्यात खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स, आणि कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने इतके उभे आणि अरुंद असतात की एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात बॅग घेऊन चढणं धोक्याचं आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर विषयच नको. कुठेही बुक करा पण लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर हे लेखी विचारा. माझी पसंती उट्रेख्त. देशाच्या मधोमध, आपलं विमान उतरतं त्या स्किपोल विमानतळावरून थेट ट्रेनने अर्धा तास, ॲमस्टरडॅम अर्धा तास, आणि गावातच लहान मुलांसाठी दोन खास ठिकाणं आहेत. एक मिफी ह्या सशाचं म्युझियम, दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं, सगळं हात लावून खेळायचं (मिफीचे चित्रकार डिक ब्रूना उट्रेख्तचेच, आणि गावात एका सिग्नलला माणसाच्या जागी मिफी दिसतो). दुसरं रेल्वे म्युझियम, जुन्या स्टेशनातच आहे, इंजिनांचं वेड असलेलं पोर तिथून निघायला तयार होत नाही. हार्लेम, लायडेन, हेग हीपण चांगली. हॉटेलपेक्षा किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, रात्री वरण-भात टाकता आला की निम्मी चिडचिड संपते.

ट्रेनचं सोपं आहे. चार वर्षांखालच्यांना फुकट, ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी रेलरनर नावाचं तिकीट असतं, अडीच युरोत दिवसभर देशात कुठेही फिरा. मोठ्यांनी कॉन्टॅक्टलेस कार्ड मशीनला लावायचं, चढताना एकदा आणि उतरताना एकदा, ट्रॅममधून उतरतानासुद्धा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, एका कार्डवर दोघं जाऊ शकत नाही, म्हणून निघायच्या आधी दोन कार्डांवर इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करून घ्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, पण खरं सांगायचं तर गाडीची गरज पडत नाही.

आता बघायचं काय. नियम एकच, दिवसाला एक मोठी गोष्ट, बाकी वेळ बागेत. एफ्टेलिंग हे मी पहिल्या नंबरला ठेवते, काट्सहूवेल गावातलं थीम पार्क, त्यातलं परीकथांचं जंगल १९५२ पासूनचं आहे, झाडांमधून चालत जायचं आणि वाटेत एकेक गोष्ट भेटते. तिथे तोंड उघडून बसलेले लठ्ठ पुतळे आहेत, कागद टाका म्हणून ओरडतात आणि कागद टाकला की ओढून घेऊन धन्यवाद म्हणतात, ती खरी कचरापेटी आहे, आणि मुलं अक्षरशः जमिनीवरचा कचरा शोधून आणून घालतात. तीन वर्षांपर्यंत तिकीट नाही. जायचं डेन बॉश किंवा टिलबर्गपर्यंत ट्रेनने आणि मग बस. घाईघाईत अर्ध्या दिवसात उरकू नका, पूर्ण दिवस द्या.

हेगमध्ये मादुरोडॅम, सगळा देश पंचविसाव्या हिश्शाएवढा करून मांडलाय, विमानतळ, बंदर, कालवे सगळं, ज्या मुलाला राक्षस व्हायला आवडतं त्याला तिथे राक्षस होता येतं. तिथूनच ट्रॅमने स्खेवेनिंगेनचा समुद्र, पाणी थंडगार असतं पण वाळू तर मिळते. पावसाच्या दिवसासाठी ॲमस्टरडॅमचं नेमो सायन्स म्युझियम राखून ठेवा, ते चार-पाच वर्षांच्या पुढच्यांना जास्त कळतं. पवनचक्क्यांसाठी झान्से स्खान्स हे ठिकाण ॲमस्टरडॅमच्या जवळ आहे पण सकाळी लवकर जा, टूरच्या बसेस यायच्या आत. रॉटरडॅमहून किंडरडाइकला पाण्यातल्या बसने जाता येतं, १९ पवनचक्क्या एकाच ठिकाणी, आणि मुलांना चक्क्यांपेक्षा ती बोटच जास्त आवडते. म्हणूनच सांगते, ॲमस्टरडॅम स्टेशनच्या मागून पलीकडे जाणारी फेरी फुकट आहे, दोन-तीन फेऱ्या मारा.

आणि फुकटाचं अजून एक, प्रत्येक गावात किंडरबुर्डराय म्हणून मुलांसाठी छोटं शेत असतं, बकऱ्या, कोंबड्या, ससे, बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. ॲमस्टरडॅमच्या बॉस जंगलातल्या बकऱ्यांच्या शेतावर पिल्लांना बाटलीने दूध पाजू देतात. एवढ्या एका गोष्टीसाठी एक सकाळ खर्च करा असं मी प्रत्येकाला सांगते.

ॲन फ्रँकचं घर पाच-सहा वर्षांच्या मुलाबरोबर नको, त्याला समजणार नाही आणि आत स्ट्रोलर नेता येत नाही. आई-बाबांपैकी एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने मुलं सांभाळायची असं करता येतं. तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली होतात.

खाणं. सगळ्यात महत्त्वाचं, काय न्यायचं नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा काहीही बॅगेत नको. बाळाची पावडर सीलबंद डब्यात दोन किलोपर्यंत चालते. हापूसची पेटी अजिबात नको, ताजी फळं सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, केळी, नारळ, अननस, खजूर असे थोडे अपवाद सोडले तर. मेतकूट, भाजणी, उपम्याचं कोरडं मिश्रण, भाकरवडी, चिवडा हे खुशाल भरा. तिथे सुपरमार्केटमध्ये दही, दूध, तांदूळ, फळं सगळं मिळतं, नळाचं पाणी पिण्याचंच असतं. मुलांना आवडेल असं म्हणजे पॉफर्च्येस, आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर केलेले छोटे गोड पॅनकेक, वर लोणी आणि पिठीसाखर. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या, पॅनकेकमध्ये असतं. कडक शाकाहारी असाल तर चीज आणि गोळ्या बघून घ्या, गौडा चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं आणि रंगीत जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनच.

हेगला गेलात तर सुरिनामी रोटी खाच. १८७३ पासून आपल्याकडचे मजूर सुरिनाम ह्या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत नेले गेले, त्यांच्या पुढच्या पिढ्या सुरिनाम १९७५ ला स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारोंनी नेदरलँड्सला आल्या, हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. रोटी, बटाट्याची भाजी, शेंगा, तिखट कमी करून मागा, पोरं पोटभर जेवतात, आणि त्या भागातल्या दुकानांत डाळी-मसालेही मिळतात.

कपडे थराथरांचे, वर वारा न लागणारं पातळ जॅकेट प्रत्येकाला, छत्री त्या वाऱ्यात उलटी होते. पब्लिक टॉयलेटला पैसे पडतात, सुटे युरो जवळ ठेवा, आणि जेट स्प्रे नसतो, छोटी बाटली न्या.

मुलांना निघायच्या आधीच दोन गोष्टी पाठ करून घ्या. लाल रस्ता सायकलींचा, तिथे पाय ठेवायचा नाही, सायकली जोरात आणि आवाज न करता येतात. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं कारण वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आपली सवय बरोबर उलटी आहे, मोठेही चुकतात. आणि कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही, तिथे हात सोडायचा नाही, स्ट्रोलर उभा केला की ब्रेक लावायचाच.

ताप, जुलाब, उलटी, ॲलर्जी ह्यांची औषधं इथून घेऊन जा, पॅरासिटामॉल तिथे साध्या दुकानातही मिळतं पण अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही, आणि आधी फॅमिली डॉक्टरकडेच जावं लागतं, सरळ हॉस्पिटलमध्ये नाही. जिवावरची वेळ असेल तर ११२. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून औषधांची नावं आणि वजनानुसार डोस लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी औषधांसकट केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.