बुव्हे बेटाचा बेत आखताना परतीचे दिवस आधी मोजा

दक्षिण अटलांटिकमधल्या बुव्हे बेटावर जाऊ पाहणाऱ्या नवख्या मंडळींचे प्रश्न बहुतेक वेळा सामानाचे असतात: तंबू कोणता, जनरेटर किती क्षमतेचा, बूट कसले. त्यांची उत्तरे सहज मिळतात, म्हणून त्यांत मी शिरत नाही. हे ४९ चौरस किलोमीटरचे निर्मनुष्य बेट नॉर्वेच्या ताब्यात आहे, त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग बर्फाखाली आहे आणि तिथे बंदर किंवा धक्का काहीही नाही, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो. मला बोलायचे आहे ते दिवसांच्या हिशेबाबद्दल. आमचा गट त्यातच अडकला, आणि त्यानंतर जे नवे आराखडे माझ्या नजरेखालून गेले त्यांपैकी बहुतेकांत तोच खड्डा होता.

परवानगीचे आधी उरकतो. बेट ५४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे आणि अंटार्क्टिक कराराचे क्षेत्र ६० अंशांच्या दक्षिणेला सुरू होते, त्यामुळे करारातल्या तरतुदींवर बेतलेला अर्ज इथे चालत नाही. ६८ अंशांच्याही दक्षिणेला असलेले पीटर पहिला बेट हेही नॉर्वेकडेच आहे, पण ते करारक्षेत्रात येते. एकाचा अर्ज दुसऱ्यासाठी वापरण्याच्या भानगडीत पडू नये. बुव्हे १९७१ पासून निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि त्यासाठी नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटशी पत्रव्यवहार करावा लागतो. फर सील आणि पेंग्विन यांच्या वसाहतींपासून किती अंतर ठेवणार, बुटांतून आणि कपड्यांतून बिया जाऊ नयेत म्हणून काय करणार, मागे काय राहील, याची नेमकी उत्तरे द्यावी लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण चिकाटीने केले तर होते, आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता दिवसांकडे येतो. केप टाऊनहून बेट सुमारे १,४०० सागरी मैलांवर आहे. जहाजाने आठ नॉटचा, म्हणजे ताशी आठ सागरी मैलांचा, वेग राखला तर दिवसाला १९२ मैल कापले जातात आणि सव्वासात-साडेसात दिवसांत बेट दिसायला हवे. परंतु या पट्ट्यात पश्चिमेचा वारा अडवायला जमीनच नाही, आणि जाताना तुम्हाला नैर्ऋत्येकडे, म्हणजे बऱ्याच अंशी त्याच्या तोंडावर जायचे असते. वेग सहा नॉटवर आला की तोच प्रवास जवळपास दहा दिवसांचा होतो. जहाजाचा करार तीस दिवसांचा आहे असे समजा: जाण्याचे दहा, येण्याचे आठ आणि कप्तानाने हातचे राखलेले दोन वगळले तर दहा उरतात. नवखा माणूस इथे थांबतो आणि आराखड्यात लिहितो, ‘बेटावर दहा दिवस’. हे दहा दिवस बेटावरचे नाहीत, बेटासमोरचे आहेत. या दोन शब्दांमधल्या अंतरात आख्खी मोहीम बुडू शकते.

कारण किनाऱ्यावर उतरण्याचा प्रश्न वाऱ्याचा कमी आणि लाटांचा जास्त आहे. वारा पडलेला असतो, आकाशही क्वचित उघडलेले असते, आणि तरी हजारो किलोमीटर दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा बेटावर येऊन आदळत असतात. हवामानाच्या अंदाजात केवळ लाटेची उंची पाहू नका, दोन लाटांमधला काळही पाहा. हा काळ दुप्पट झाला की खोल पाण्यात लाटेची लांबी चौपट होते. दोन मीटरची लाट सात सेकंदांनी येणे वेगळे आणि तीच चौदा सेकंदांनी येणे वेगळे; दुसरी खुल्या समुद्रात जाणवतही नाही, पण उथळ पाण्यात तीच जास्त उंच होऊन फुटते आणि रबरी बोट उलटवते. जहाजाच्या डेकवरून समुद्र शांत वाटतो, म्हणून सगळे कप्तानावर चिडतात, आणि कप्तान बरोबर असतो.

त्यात बेटाचा आकारही अडचणीचा आहे. बहुतेक किनारा बर्फाच्या किंवा खडकांच्या कड्यांचा आहे. त्यातल्या त्यात मोठी सपाट जागा म्हणजे पश्चिमेकडची नीरॉयसा, जी १९५५ ते १९५८ या काळात दरड कोसळून तयार झाली. पण ती नेमकी पश्चिमेच्या लाटांसमोर आहे आणि सील व पेंग्विनांनी भरलेली असते. नॉर्वेने १९९६ मध्ये तिथे उभारलेले संशोधन केंद्र साधारण दहा वर्षांत वाहून गेले, यावरून जागेचा अंदाज यावा. आग्नेयेकडच्या केप फीला आडोसा अधिक मिळतो, मात्र तिथे जागा तुटपुंजी आहे. मोठी छावणी आणि सुरक्षित उतरण हे दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असे गृहीत धरलेला आराखडा मी वाचून बाजूला ठेवतो.

खरा सापळा याच्याही पुढे आहे. सामान उतरवताना तुम्ही चांगल्या हवामानाची वाट पाहू शकता, कारण तुम्ही जहाजावर असता. सामान आणि माणसे परत चढवताना ती मुभा उरत नाही, कारण तोवर इंधन आणि कराराचे दिवस संपत आलेले असतात. म्हणून शेवटच्या दिवशी आवराआवर हा विचारच चुकीचा आहे. उतरायला दोन चांगले दिवस लागणार असतील तर निघायलाही दोन चांगले दिवस लागतात, आणि ते सलग येतील याची हमी नसल्याने त्यांच्यासाठी चार-पाच तरी राखावे लागतात. उतरण्याआधीच्या प्रतीक्षेचेही तसेच. वरच्या दहांतून हे सगळे वजा करा. उरतात ते एक किंवा दोन, आणि कधी शून्य. हिशेब शून्यावर येत असेल तर करार लांबवा, सामान निम्म्यावर आणा, नाहीतर बेत सोडा. चौथा मार्ग सुचवणाऱ्याकडे पैसे सोपवू नका.

हेलिकॉप्टर हा चौथा मार्ग म्हणून नेहमी पुढे येतो. सरकारी मोहिमा ते वापरतात हे खरे, पण खासगी गटाने त्यावर सगळी भिस्त ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. २०१८ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे छंद म्हणून दुर्गम जागांवरून रेडिओ संपर्क साधणाऱ्यांची, एक मोठी मोहीम हेलिकॉप्टरांसह बेटासमोर पोहोचली. वारा, खाली उतरलेले ढग आणि धुके यांमुळे उड्डाण करता येईना, त्यातच जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला आणि कप्तानाने परत फिरण्याचा निर्णय घेतला. याउलट २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने सर्व्हायव्हल सूट (थंड पाण्यापासून जीव वाचवणारा पोशाख) घालून, शेवटचे अंतर पोहून, दोरांनी सामान ओढत केप फी गाठले. ठरवलेली छावणी त्यांना पूर्ण उभारता आली नाही, तरी लहानशा छावणीवर त्यांनी काम केले. नवख्यांनी यातून धाडसाचा नव्हे, सामान कमी करण्याचा भाग घ्यावा. प्रत्येक पेटी पाण्यातून ओढली जाणार आहे असे समजूनच ती भरावी, आणि दोन माणसांना उचलता येणार नाही ती पेटी बंदरावरच सोडावी.

मार्गदर्शक निवडतानाही हीच कसोटी लावा. क्रूझवरून अंटार्क्टिका पाहून आलेला माणूस उत्साहाने सल्ला देतो, पण त्याची उतरण दुसऱ्या कोणीतरी आखलेली असते. मी तर न उतरता परतलेल्या मोहिमेतल्या माणसाला आधी गाठतो. आपण किती दिवस थांबलो, कोणत्या लाटांना कप्तान नाही म्हणाला आणि इंधनाची सीमा कुठे ठरली, हे त्याला तोंडपाठ असते.

एवढे वाचून हातपाय गाळू नका. १७३९ च्या पहिल्या जानेवारीला बुव्हे या फ्रेंच नाविकाने हे बेट पाहिले, त्याची जागा चुकीची नोंदवली गेली, आणि पुढे कुकसारख्या नाविकालाही ते शोधून सापडले नाही. तुमच्याकडे उपग्रहाची स्थाननिश्चिती आहे, लाटांचे अंदाज जहाजावर उतरवून घेता येतात आणि आधीच्या गटांचे अनुभव विचारता येतात. जहाजमालकाशी बोलणी करताना तीन गोष्टी करारात लिहून घ्या: बेटासमोर थांबण्याचे किमान दिवस, परतीसाठी अलग ठेवलेले इंधन, आणि न उतरता परतल्यास कोणती रक्कम कोणाची. शेवटच्या कलमावर मालक कुरकुर करतो, गटातले लोक तर त्याचे नावही काढू देत नाहीत. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून ते मोठ्याने वाचून दाखवा; त्या बैठकीनंतर ज्यांना नाव मागे घ्यायचे असेल त्यांना तेव्हाच घेऊ द्या, कारण नंतर त्यांचा वाटा उरलेल्यांवर पडतो.