नवे टेनिसचे बूट चावतात तेव्हा

नवी कोल्हापुरी चावली तर काय करायचं, हे इथे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पट्ट्याला आतून तेल चोळायचं, चार दिवस घरातल्या घरात घालून फिरायचं, कातडं नरमलं की चप्पल पायाची होते. पण हाच हिशेब आपण नव्या टेनिस बुटांना लावतो आणि तिथे फसतो. 'चावू देत, आठवड्यात सुटतील' म्हणत खेळ चालू राहतो, आणि आठवडा संपेपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं.

टेनिसचा आजचा बूट बहुधा कातड्याचा नसतो. वरचा भाग जाळीदार कृत्रिम कापडाचा, त्यावर प्लास्टिकचा पातळ थर, टाचेभोवती आतून कडक कवच. हे सगळं वापराने थोडं नरमतं, पण ताणून मोठं होत नाही. तेल लावाल तर उलट चिकटवण सैल होण्याची भीती. हेअर ड्रायरने तापवण्याची युक्तीही नको, कारण सोल वरच्या भागाला धरून ठेवणारा गोंद उष्णतेने नरम पडतो.

म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा: त्रास ताठपणाचा आहे की मापाचा? ताठपणा जातो. माप चुकलं असेल तर ते चुकलेलंच राहतं.

ताठपणाचा त्रास दोन्ही पायांना साधारण सारखा असतो. टाचेला घासतं, चवडा दुमडतो तिथे वरून दाब येतो, पण दर दिवशी थोडं कमी होतं आणि बूट काढला की थांबतं. मापाचा त्रास रोज त्याच जागी, साधारण तितक्याच वेळाने सुरू होतो. करंगळी बधिर होते, थांबताना बोटं पुढे आपटतात, आणि बूट काढल्यावरही ठणका उरतो.

घरी तपासायचं ते असं. संध्याकाळची वेळ घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. बुटातला सुखतळा बाहेर काढून फरशीवर ठेवा आणि खेळताना घालता तेच मोजे घालून त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे (ते अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं) साधारण 1 सेंटिमीटर जागा हवी. मग बाजूला बघा. करंगळीकडे पाऊल सुखतळ्याच्या कडेबाहेर 3-4 मिलिमीटरहून जास्त उतू जात असेल तर बूट अरुंद आहे. दोन्ही पायांचं बघा, आणि मोठ्या पायाचं माप खरं धरा.

आपल्याकडे अरुंदपणाची तक्रार फार येते, आणि त्याला कारण आहे. ज्यांचा जन्म चपलेत किंवा अनवाणी गेला त्यांचा चवडा पसरट असतो, बोटं मोकळी असतात. कोल्हापुरीत ती पट्ट्याबाहेर मजेत राहतात. बुटाच्या निमुळत्या तोंडात त्यांना एकमेकांवर चढावं लागतं. अशा पायाला दुकानदार एक नंबर मोठा बूट देतो. तो उपाय अर्धवट आहे. यूकेच्या मापात एका नंबराने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र थोडीच. करंगळी सुटते, पण पाय आत पुढेमागे सरकतो आणि प्रत्येक थांब्याला बोटं टोकावर जातात. रुंदीच जास्त असलेला बूट मागा. डब्यावर 'वाइड' किंवा 2ई लिहिलेलं असतं. राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला खरेदीला जाल तेव्हा पायाचा कागद सोबत न्या: भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायची. बुटाचा सुखतळा त्या आकृतीवर ठेवला की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं. नंबराचा घोळही लक्षात असू द्या. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर यूकेच्या नंबराहून साधारण एकाने मोठा असतो, त्यामुळे ऑनलाइन मागवताना लेबलावरचा सेंटिमीटरचा आकडा बघणं बरं.

माप चुकलंय असं दिसलं तर बूट बदलून घ्या, तेही सोलला माती लागण्याआधी. त्यासाठीच ही सगळी तपासणी घरातल्या स्वच्छ फरशीवर करायची. डबा आणि पावती तोवर जपून ठेवा.

माप बरोबर निघालं तर पुढचं काम सबुरीचं. टेनिसचा बूट मुद्दाम ताठ बनवतात. खेळाडू सतत आडवा पळतो, झटक्यात थांबतो, त्यामुळे कडा कडक आणि सोल सपाट असावा लागतो. पळण्याच्या मऊ बुटांची सवय असेल तर पहिले काही दिवस पाय लाकडी पेटीत ठेवल्यासारखा वाटेल. पण म्हणून पळण्याचे बूट घालून कोर्टवर उतरू नका; आडव्या धावेत त्यांचा उंच, मऊ सोल कलंडतो आणि घोटा मुरगळतो. उलट, रोज रंकाळ्याला फेरी मारायला म्हणून टेनिसचे बूट घेतले असतील तर दुखणं बुटात नसून निवडीत आहे. ते जड आणि कडक असतात. चालण्यासाठी चालण्याचेच घ्या.

पहिले तीन दिवस घरात, मोजे घालून, रोज 20 ते 30 मिनिटं. जिना चढा-उतरा, चवड्यावर उभं राहून 15-20 वेळा टाचा उचला. बूट जिथे दुमडायला हवा तिथे दुमडू लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी कोर्टवर फक्त हलक्या रॅली, तेवढंच अर्धा तास, आणि जुने बूट पिशवीत. कुठे गरम लागायला लागलं की त्याच क्षणी बदला. फोड येण्याआधी कातडी अशीच तापते, आणि ती पाच मिनिटं सोसली की फोड ठरलेला. सामना खेळायला साधारण दोन आठवडे जाऊ द्या. आणि नवे बूट पन्हाळा-पावनखिंडीच्या पायवाटेवर पहिल्यांदा घालण्याचा विचारही करू नका.

नाडीकडे बहुतेकांचं लक्षच नसतं, आणि निम्मी दुखणी तिथेच सुटतात. टाच उचलली जात असेल, किंवा बोटं पुढे आपटत असतील, तर टाच जागेवर बांधायला हवी. बुटाच्या सर्वांत वर, बाकीच्या रांगेपासून थोडं मागे सरकवलेलं एक जादा भोक असतं. ते बहुतेक जण रिकामंच ठेवतात. आधी नाडी नेहमीसारखी शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत ओवा. मग डावी नाडी डाव्याच बाजूच्या त्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका; करंगळीचं टोक मावेल एवढा फास बाहेर राहू द्या. उजवीकडेही तसंच. आता डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्या फासातून घ्या. पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटून बुटात मागे नीट बसवा, दोन्ही टोकं आधी खाली-बाहेरच्या दिशेने ओढा म्हणजे फास आवळतात, मग वर घेऊन गाठ मारा. घोट्यापाशी बूट मिठी मारल्यासारखा बसतो आणि चवड्याकडची नाडी सैल ठेवता येते.

पावलावर वरून, हाडाच्या उंचवट्यावर दुखत असेल तर नाडीची नेमकी तीच फुली काढून टाका. त्या जागी नाडी न ओलांडता त्याच बाजूने सरळ वरच्या भोकात न्या. उंचवट्यावर खिडकी तयार होते.

चवड्याखाली जळजळ, खडा टोचल्याची भावना, तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या: बोटांमधली नस दाबली जातेय. पुढची दोन भोकं सैल करून बघा. त्याने फरक पडला नाही तर सर्जिकल दुकानात मेटाटार्सल पॅड (चवड्याच्या हाडांना आधार देणारी छोटी गादी) मिळतं. ते दुखऱ्या जागेखाली लावतात ही नेहमीची चूक. ते हाडांच्या थोडं मागे, टाचेच्या बाजूला बसवायचं असतं, म्हणजे हाडं उचलली जाऊन फट मोकळी होते.

तळव्याची कमान दुखते तेव्हा संशय सुखतळ्यावर घ्या. जुन्या, न दुखणाऱ्या बुटाचा सुखतळा नव्यात घालून एक दिवस बघा. दुखणं गेलं तर गुन्हेगार सापडला. सपाट पायांना नव्या सुखतळ्याचा उंचवटा विशेष टोचतो. मात्र जुन्यावर नवा असे दोन थर घालू नका, बूट उथळ होतो आणि टाच बाहेर यायला लागते.

घोट्याच्या हाडाला कड घासत असेल तर सुखतळ्याखाली टाचेच्या जागी 3-4 मिलिमीटरची पातळ गादी ठेवा, दोन्ही बुटांत, म्हणजे दोन्ही पाय एकाच उंचीवर राहतात. मागे टाचेवरच्या जाड शिरेला, धोंडशिरेला, घासत असेल तर खेळण्याआधी त्या कोरड्या कातडीवर कागदी मेडिकल टेप लावा, सुरकुती न पडता. मागची बाजू पायाखाली चेपून बूट स्लिपरसारखा घालायची सवय मात्र मोडा. आतलं कवच एकदा मुडपलं की त्याची धार कायम टोचत राहते.

मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी लवकर सोलते. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिसळलेले खेळाचे मोजे घ्या, टाचेला शिवणीची गाठ नसलेले. आपल्याकडच्या पावसात बूट भिजले की सुखतळा बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेला बूट वाळून आकसतो आणि नव्याने चावायला लागतो.

फोड आलाच तर लहान फोड फोडू नका, झाकून ठेवा. टरारून फुगलेला, पाऊल टेकवू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला बारीक भोक पाडा, पाणी जाऊ द्या आणि वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधा. तीच खालच्या कोवळ्या त्वचेचं संरक्षण करते. नखं सरळ कापा. काळ्या नखाचा ठणका झोपू देत नसेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा, साचलेलं रक्त काढलं की लगेच आराम पडतो.

काही दुखणी बुटाची नसतात. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच कळवळत असेल तर तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. पोटरीचा ताण, 30 सेकंद धरून तीनदा, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली पायाखाली पाच-दहा मिनिटं फिरवणं, हे दोन आठवडे करून बघा. एखाद्या हाडाच्या एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते, सूज आहे, रात्रीही दुखतं: खेळ थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते.

मधुमेह असेल तर वरचा सुईचा उपाय तुमच्यासाठी नाही. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग बूट चावतोय हे कळतही नाही. नवे बूट घालण्याच्या दिवसांत रोज मोजे काढल्यावर तळवा आणि बोटांच्या फटी उजेडात तपासा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा, आणि लालसर डाग दिसला तर तो दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा.