कोयता गावात नसतो तेव्हाची शिरगणती

आधी ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी. बाकी सगळं नंतर. जनगणनेत माणसं मोजायची फेरी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे आणि तेव्हा बीडचा कोयता, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो. गावात दाराला कुलूप, तिकडं कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर, कुणी फिरकत नाही. माणूस दोन्हीकडून गेला. 2011 ला आमच्या वस्तीवर नेमकं हेच राहिलं. म्हणून टोळ्या गाडीत बसायच्या आत कोण कुठल्या कारखान्याला, तळ कुठल्या गावात, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन, एवढं वहीत उतरवा. उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, मोजताना मुकादम एक रुपया चुकत नाही. त्याला म्हणावं, आता माणसंही मोज. प्रत्येक जोडीजवळ घरातल्यांची नावं-वयं लिहिलेला कागद हवा. 2011 चा नियम असा होता: मोजणीच्या काळात थोडे दिवस जरी घरी असाल तर गावात नोंद, पूर्ण काळ बाहेर असाल तर जिथं आहात तिथं. म्हणजे तो आकडा परजिल्ह्याच्या खात्यात जातो, आणि हे मला अजिबात पटत नाही. तरी 'आमचं नाव गावाकडं आहे' म्हणून कोपीवर आलेल्या प्रगणकाला परत पाठवू नका. रेशनकार्डावरचं नाव म्हणजे शिरगणती नव्हे.

मागं राहिलेली म्हातारी आणि शाळेतली पोरं गावातच मोजतात, मोजणीच्या दिवशी त्यांना शेतात पाठवू नका. आजी वय विचारल्यावर 'असंल साठ-सत्तर' म्हणते. बहात्तरच्या दुष्काळात ती केवढी होती ते विचारून हिशोब आधीच करून ठेवा.

कागदपत्रं लागत नाहीत. ओटीपी मागणाऱ्याला हाकला.

या खेपेला जात विचारणार आहेत. भावाभावांनी जातीचं एकच नाव सांगा. तांड्यावर गोरबोली, म्हणजे बंजारा-लमाणांची बोली, बोलत असाल तर मातृभाषा तीच सांगा. 2011 ला लमाणी-लंबाडी सांगणारे 32 लाखांवर भरले आणि बेरीज गेली हिंदी भाषेच्या खात्यात! तरी आकडा दिसला तो सांगितल्यामुळंच.

एवढा खटाटोप कशाला, तर रेशनचा कोटा अजून 2011 च्या आकड्यावर चाललाय. आरोग्य उपकेंद्र सपाट भागात 5000 लोकसंख्येमागं एक. ग्रामपंचायतीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागाही याच आकड्यावरून ठरतात.

घरयादी, फोनवर स्वतः माहिती भरणं वगैरे शाळेतले गुरुजी सांगतील. फेब्रुवारी लागला की मुकादमांना फोन. महिना संपायच्या आत पुन्हा फोन.