डोमेनचा भाव करण्याआधी आपला आकडा वहीत लिहा

इंदूरच्या रामबागेतल्या ओळखीच्या एका काकूंना शेव-फरसाणाच्या धंद्यासाठी डॉट कॉम नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता (डोमेन), हवं होतं. ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. मालकाने दीड लाख सांगितले आणि काकू द्यायलाही निघाल्या! कृपा करून असं करू नका. नवं डॉट कॉम वर्षाला हजार-दीड हजारात मिळतं. वरचे सगळे पैसे फक्त त्या नावाचे. आपल्याला ते कितीला परवडतं, तो आकडा आधी वहीत लिहा आणि त्यापुढे जाऊ नका. घाई दिसली की भाव चढतो. काकूंनी दोन महिने कळ काढली, सौदा चाळीस हजारांत झाला. पैसे मात्र एस्क्रोमधूनच द्या, म्हणजे नाव आपल्या हाती येईपर्यंत ते तिऱ्हाइताकडे राहतात.

मालकाच्या नोंदणीची मुदत संपली की नाव लगेच सुटेल, या आशेवर राहू नका. डॉट कॉमला आधी मालकाला नूतनीकरणासाठी ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग ३० दिवस त्यानेच ते सोडवून घेण्याचे, मग नाव सुटायला आणखी ५. चांगली नावं तर मधेच लिलावात जातात.

विकणाऱ्यांनो, २०१९मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं म्हणून आपलंही जाईल असं धरू नका. आपल्यासारखी नावं खरोखर कितीला विकली गेली ते बघा, आणि दरवर्षीचं नूतनीकरण खर्चात मोजा.