जुना चर्च-नियम आजही बंधनकारक आहे का, हे कसे तपासावे

साताऱ्यातील एखाद्या कॅथलिक घरात आजोबांच्या पेटीत जुने नियमपुस्तक सापडले, तर प्रथम त्याचे साल पाहावे. १९१७ ची धर्मसंहिता, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदेसंग्रह, १९८३ च्या संहितेतील सहाव्या कलमाने रद्द झाली आणि नव्या संहितेशी विसंगत असलेले इतर जुने नियमही, विशेष अपवाद केला नसेल तर, त्याच कलमाने गेले. दहनाचेच पाहा: १९१७ च्या संहितेत त्याला मनाई होती; आज दफन अधिक इष्ट मानले जात असले तरी, ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधातून निवडले नसेल तर कलम ११७६ दहनाला हरकत घेत नाही.

१९८३ नंतरच्या दोन नियमांत विरोध वाटल्यास नव्या संहितेचे विसावे कलम वाचावे. नवा कायदा जुन्याला हटवतो तो तसे स्पष्ट म्हणत असेल, थेट विरुद्ध असेल किंवा संपूर्ण विषय नव्याने मांडत असेल तेव्हाच. शिवाय सार्वत्रिक कायद्याने स्थानिक नियम आपोआप मोडत नाही. शंका उरल्यास, एकविसाव्या कलमानुसार, जुना नियम रद्द झाला असे गृहीत न धरता दोन्हींचा मेळ घालावा. ‘जुने म्हणजे बाद’ ही घाई येथेच फसते. तरीही उलगडा न झाल्यास पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांमार्फत धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या) कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.