आईच्या तानपुऱ्यावर पारखलेला क्रॉसओव्हर

क्रॉसओव्हर म्हणजे खालचे स्वर वूफरला (मोठ्या स्पीकरला) आणि वरचे ट्विटरला (छोट्या स्पीकरला) वाटून देणारी यंत्रणा. मी ती डिजिटल केली. सॉफ्टवेअरमध्ये आउटपुटची अदलाबदल झाली आणि पहिलाच डग्गा ट्विटरमध्ये गेला. ट्विटर जागीच संपला. म्हणून पहिलं काम: ट्विटरच्या प्लसच्या तारेत ३३ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घाला. ८ ओहमच्या ट्विटरला तो ६०० हर्ट्झच्या खाली उतार लावतो. ‘डिजिटल आहे, कपॅसिटर कशाला?’ असं म्हणणारे भेटतील. मीही तेच म्हणायचो.

आवाजाची डिजिटल वाटणी करणारा बोर्ड एडीएयू १७०१ चिपचा घ्या. दोन इनपुट, चार आउटपुट, म्हणजे टू-वे स्टीरिओ (दोन्ही बाजूंना एकेक वूफर आणि ट्विटर) बरोबर बसतो. तो ऑनलाइन मागवावा लागला; एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), वायर, कनेक्टर इंदूरच्या महाराणी रोडवर मिळाले. ॲम्प म्हणून टीपीए ३११६ चे दोन स्टीरिओ बोर्ड पुरतात. त्यांचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे मायनस तारेतही सिग्नल असतो, त्यामुळे स्पीकरच्या मायनस तारा एकत्र बांधायच्या नाहीत.

वाटणी कुठे करायची? माझा वूफर साडेसहा इंची. २२०० हर्ट्झला ध्वनीची तरंगलांबी साधारण १५६ मिलीमीटर, म्हणजे कोनच्या व्यासाहून थोडी जास्त. त्याच्या वर गेलं की वूफरचा आवाज समोरच एकवटतो. ट्विटरचा अनुनाद ९५० हर्ट्झचा, त्याच्या दुपटीच्या खाली उतरायचं नाही. म्हणून २२००.

या चिपचं सॉफ्टवेअर सिग्मास्टुडिओ फुकट आहे, फिल्टर त्यातच रचतात. पण थेट २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली (दर सप्तकाला २४ डेसिबल उतरणारा फिल्टर) टाकून मोकळं होऊ नका. स्पीकरचा स्वतःचा उतारही त्यात मिसळतो. आधी दोन्ही ड्रायव्हर (वूफर आणि ट्विटर) वाटणीच्या पलीकडे एक सप्तक सपाट करा, मग फिल्टर लावा.

मोजायला यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर. मी हे लोकमान्य नगरच्या गच्चीवर रात्री करतो. भिंती दूर, माळव्याची थंड हवा. लग्नसराईत मात्र वरात जाईपर्यंत माइक बंद ठेवून बसायचं. माइक एक मीटरवर, दोन्ही ड्रायव्हरच्या मधल्या उंचीला.

आता खरी गंमत. वूफरचा आवाज थोडा मागून निघतो, म्हणून ट्विटरला उशीर द्यावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, एका सॅम्पलचा (नमुन्याचा) उशीर म्हणजे आवाजाची साधारण ७ मिलीमीटर वाट. माझं अंतर अंदाजे २५ मिलीमीटर भरलं, म्हणजे ३ की ४ सॅम्पल? ट्विटरची फेज (प्लस-मायनस) मुद्दाम उलटी करा आणि २२०० ला पडणारा खड्डा बघा. तो जितका खोल, तितकी वेळ जुळलेली. ३ वर खड्डा १६-१७ डेसिबलचा होता, ४ वर तिसाच्या पलीकडे गेला. मग फेज सरळ करायला विसरू नका. मी एक अख्खी संध्याकाळ उलटंच ऐकलं आणि वर कौतुकही केलं.

कानाची परीक्षा तानपुऱ्याने घ्या, कारण जवारीचे (घोडीवर तार घासून उठणारे) स्वर थेट वाटणीवरून वर चढत जातात. आईचा तानपुरा रेकॉर्ड केला, तिलाच ऐकवला. “खर्ज माझा आहे, पण तार पितळेची वाटत्येय रे, पोलादाची नाही.” ट्विटर दीड डेसिबल खाली आणला. तिने मान हलवली.

तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा बोर्ड कोरा, कारण प्रोग्राम ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी तो जपणाऱ्या चिपमध्ये) लिहिलाच नव्हता. तुम्ही लिहा, सेल्फ-बूटचा (वीज येताच प्रोग्राम आपोआप उचलायचा) जंपर लावा, आणि दीड डेसिबल वहीतही टिपून ठेवा.