मित्रांसोबत जपानी शिकताना

जपानी बोलायला लागलं की आपण प्रत्येक वाक्यात ‘वाताशी’ म्हणजे ‘मी’ घुसडतो. ते टाळा. मराठीत आपण ‘जेवलास?’ एवढंच विचारतो, ‘तू’ म्हणत नाही. जपानीतही नुसतं ‘ताबेता?’ पुरतं. ‘आनाता’ म्हणजे ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असं पुस्तकात असतं, पण समोरच्याचं नाव माहीत असताना तो शब्द बरेचदा तुटक वाटतो. नावानंतर ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखं) लावून बोला. स्वतःच्या नावाला मात्र ‘सान’ कधीच लावू नका. ‘बोकु’ आणि ‘ओरे’ म्हणजेही ‘मी’च, दोन्ही बहुतेक पुरुष वापरतात. ‘ओरे’ मित्रांत चालतं, शिक्षकांसमोर नको.

कांजी म्हणजे जपानी लिखाणातली चिनी मुळाची चिन्हं. त्यांची रोजच्या वापराची अधिकृत यादी 2136 चिन्हांची आहे. आकडा बघून धीर सोडू नका. भेटाल तेव्हा प्रत्येकाने एकच कांजी आणावी आणि मित्राच्या तळहातावर बोटाने, रेघांचा क्रम सांभाळून काढावी. त्याने न बघता ओळखावी. मला ही रीत फार आवडते, कारण क्रम चुकला की लगेच कळतं. उदाहरणार्थ 休 ही कांजी. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड: झाडाला टेकलेला माणूस, म्हणजे विश्रांती. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की जात नाही.

फक्त चिन्ह सुटं पाठ करू नका. हीच कांजी ‘यासुमु’ म्हणजे विश्रांती घेणे या शब्दात ‘यासु’ होते आणि ‘क्यूजित्सु’ म्हणजे सुट्टीच्या दिवसात ‘क्यू’. दोन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहा.